मावशीचं सबनेटिंग

सातारा जिल्ह्यात आकडा लिहिलेली अशी एकही वस्तू उरली नसेल, जिच्यावर माझ्या मावशीने सबनेटिंगचा सराव केलेला नाही. गाडीची पाटी, विजेचा खांब, दवाखान्यातलं टोकन, काहीही चालतं. सबनेटिंग म्हणजे काय, असं मी एकदा विचारण्याचा वेडेपणा केला. ती म्हणाली, "आवं पाव्हणं, मोठ्या रानाचं सारखं वाफं पाडायचं! नेटवर्कचं बी तसंच." मी तिचा सख्खा भाचा, पण रंगात आली की ती मला पाव्हणं म्हणते. प्रत्येक वाफ्यातला पहिला नंबर त्या वाफ्याच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा, आणि मशिनांना वाटायचे ते फक्त मधले.

हे खूळ पन्नाशीत शिरलं त्याला कारण होतं. मावशी साताऱ्यात एका क्लासमध्ये टायपिंग शिकवायची. टायपिंगला पोरं येईनाशी झाली. मालकाने सांगितलं, नेटवर्किंगची परीक्षा पास झालात तर ती बॅच तुमची, नाहीतर नमस्कार. "घरी बसायचं म्हंजे मला शिक्षा हाय रं," असं म्हणून तिने पदर खोचला. परीक्षेत वेळ लय कमी, म्हणून उत्तर झटक्यात यायला हवं. नंबर टाकायचं काम माझ्याकडे आलं: मी एक नंबर आणि स्लॅशपुढे वाफ्याचं माप सांगायचं, तिने तो वाफा कुठून कुठवर ते सांगायचं. मी भाजी निवडताना, गाडी चालवताना, दाढी करतानासुद्धा नंबर टाकत होतो.

रहिमतपूरला तिच्या नातवाच्या बारशात तर तिने कहर केला. सोळा-सोळा पानांची पंगत मांडली आणि दोन्ही टोकांची पानं रिकामी ठेवायचा हुकूम सोडला. तिचे थोरले दीर रिवाजाप्रमाणे पहिल्या पानावर बसलेले.

"भावजी, उठा. ते पान नेटवर्कचं हाय."

"मग मी कुनाचा?"

"तुमी दोन नंबरला बसा की!"

म्हातारा असा फुगला की विचारता सोय नाही. शेवटी मावशीने दोन नंबरच्या पानावर जिलेब्यांचा डोंगर रचला, तेव्हा कुठे स्वारी सरकली. आचारी मात्र प्रत्येक ओळीत दोन पानं वाचली म्हणून खूश होता.

परीक्षा सांगलीला होती, कॉम्प्युटरवरची, निकाल तिथल्या तिथे. एसटीत कराड सोडेपर्यंत कंडक्टरसकट सगळी गाडी नंबर टाकायला लागली होती आणि मावशी सगळ्यांना पुरून उरत होती. मला तर एखाद्या पैलवानाला फडात घेऊन चाललोय असं वाटत होतं! पण केंद्राच्या दारात ती अचानक थांबली. माझा हात धरला.

"सगळं पुसलं गेलं रं डोक्यातनं."

मी म्हटलं, "शंभर. स्लॅश सत्तावीस."

"शहाण्णव ते एकशे सत्तावीस," ती पटकन म्हणाली, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

बाहेर आली ती ओरडतच. "झाले रं पास!" तिने आधी दारावरच्या वॉचमनला वाकून नमस्कार केला, मग मला मिठी मारली. मी भर रस्त्यात रडलो, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

आता तिची बॅच भरभरून चालते. परवा सहज फोन केला आणि सवयीने नंबर टाकला. "थांब," ती म्हणाली, आणि तिने तो वर्गात विचारला. कुणा मुलीने क्षणात बरोबर उत्तर दिलं. मावशी अशी काही हसली, की तिला माझा निरोप घ्यायचंही भान राहिलं नाही. मला खूप आनंद झाला. फोन खाली ठेवल्यावर मात्र थोडं पोरकं वाटलं.