सुईखालचा मुखवटा

शिमग्याच्या आधी पंधरा-वीस दिवसांची गोष्ट. दुपारची वेळ, रत्नागिरीत विनूच्या घरामागची आमची शेड... आणि तात्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून रिक्षातून उतरले.

विनू माझा मित्र, वायरमन. दीड वर्ष खपून आम्ही दोघांनी एक सीएनसी मशीन बनवलंय. जुन्या झेरॉक्स मशीनच्या मोटारी, ॲल्युमिनियमचे सेक्शन, पातं फिरवणारा सेकंडहँड राउटर... कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कोरतं. माझं शिक्षण म्हणाल तर अकरावी अर्धी. मग आंब्याच्या पेट्या ठोकल्या, गोव्यात हॉटेलात राहिलो, चार महिने नाटे बंदरात मासेमारी बोटीवर गेलो. कुठेच टिकलो नाही. या शेडमध्ये मात्र टिकलो होतो.

तात्या विनूच्या आईच्या गावचे, राजापूरच्या आतल्या बाजूचे. गावच्या नमनात, म्हणजे शिमग्यातल्या खेळात, गणपतीचं सोंग गेली तीस वर्षं तेच घेतात. पंच्यात होता त्या सोंगाचा लाकडी मुखवटा. आतून किडीने खाल्लेला, पण समोरून बघितलं की आपोआप गप्प व्हायला होतं...

त्याच्यासारखाच नवा कोरून हवा होता, जुना देवळात ठेवायचा होता. गावकी तयार नव्हती, मुखवटा गावाबाहेर जात नाही म्हणून. तात्यांनी देवापुढे नारळ ठेवून जबाबदारी घेतली, तेव्हा कुठे दिला.

कॉपी करायची आमची पद्धत साधी. राउटरच्या जागी सुई लावायची, सुई म्हणजे टोकदार पोलादी सळई. ती खाली येते, लाकडाला टेकते, कॉम्प्युटर उंची लिहून घेतो, सुई वर जाते, किंचित सरकते, परत खाली. असं पाच-सहा तास.

विनूचा नियम एकच... सुई चालू असताना कोणीतरी शेजारी बसायचं, हात लाल बटणाशी. इथल्या खाऱ्या हवेत वायरींची टोकं गंजतात. टेकल्याचा सिग्नल गेला नाही तर सुई थांबत नाही.

विनू कोणाकडे तरी मीटरच्या कामाला गेला. तात्या घरात जेवायला बसले. मी मशीनजवळ. कपाळ झालं, डोळ्यांपर्यंत आलं... आणि बाहेर कोणीतरी जुनी टू-स्ट्रोक बाईक चालू करायला बघत होता. होत नव्हती. प्लगच काळा पडला असणार, आवाजावरूनच कळत होतं. म्हटलं, दोन मिनिटं.

बाईक चालू झाली. मीच केली. एक राउंडपण मारून आलो.

परत आलो तर मोटर घुरघुरत होती. सुई दोन डोळ्यांच्या मधोमध घुसली होती, आणि मुखवटा कपाळापासून सोंडेपर्यंत उभा फाटला होता.

तात्या दारात उभे होते. मला वाटलं मारतील. त्यांनी दोन्ही तुकडे पंच्यात ठेवले, खाली पडलेला चूरसुद्धा बोटाने गोळा केला. विनू आला, त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, मी गावात येतो, सगळं सांगतो.

"तू नको येव," तात्या म्हणाले. "माझ्या हातातून पडला असा सांगन मी. म्हाताऱ्याचे हात थरथरतात, कोनालाव पटंल. तुमचा नाव घेतला तर ही शेड ठेवायची नायत ती."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं... ते आता जास्त टोचतं.

शिमग्याला त्यांच्या गावी गेलो. सोंग दुसऱ्याच कोणाला दिलं होतं, बाजारातला फायबरचा मुखवटा लावून. तात्या मागे, देवळाच्या खांबाला टेकून, एकटेच. मृदंग सुरू झाला तसे त्यांचे पाय जागच्या जागी हलायला लागले... मग थांबले.

शेजारची बाई दुसरीला सांगत होती, नसती हौस म्हाताऱ्याची, देवाचं तोंड फोडलान. मी हाताच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं नाही.

हे तात्यांना न विचारता लिहितोय. रागावतील. विनू म्हणाला, शेडचं काय व्हायचं ते होऊ दे, तू टाक. त्यांच्या गावचे बरेच जण मुंबईत आहेत, काही माझ्या लिस्टमध्येही आहेत... त्यांनी ही पोस्ट गावच्या ग्रुपवर पाठवा.

तात्यांच्या हातून मुखवटा पडलेला नाही. तो आमच्या मशीनवर होता, लक्ष मी ठेवायचं होतं, आणि मी बाहेर बाईक फिरवत होतो.