पास्कूने न घातलेली साद

या ग्रुपवरचे अनुभव माझी नात मला वाचून दाखवते. बरेचसे ऐकून मी हसते, खोटं कशाला बोलू. मी एकतीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात नर्स होते. किती माणसं माझ्या हातात गेली त्याचा हिशेब नाही, पण त्यातलं एकही परत येऊन माझ्या उशाशी उभं राहिलं नाही. तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही तसा नाही. पण एक संध्याकाळ आहे, तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी सांगते, नात टाइप करतेय. चुका तिच्या.

आम्ही मनोरीचे. ख्रिश्चन, पण घरात मराठीच – आमच्या गावची. ती तुम्हाला जड जाईल म्हणून साधं करून सांगते. साल छप्पन किंवा सत्तावन्न असेल. तेव्हा मनोरीत वीज नव्हती, रस्ता म्हणण्यासारखा रस्ताही नव्हता. डॉक्टर हवा तर खाडीपलीकडे मार्व्याला जायचं, आणि मार्व्याला जायचं तर होडी हवी. भाताचं पीक निघालं की आम्ही खाडीच्या बाजूच्या शेतात कलिंगडं लावायचो. शेताच्या एका अंगाला बांध, बांधापलीकडे चिखल आणि तिवरांचं जंगल. गाव दुसऱ्या अंगाला, चालत दहा मिनिटं.

त्या तिवरांत कोल्हे असत. कोंबड्या नेतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण कोल्ह्याला कलिंगडाचं किती वेड असतं ते शेत केलेल्यालाच कळतं. एका फळावर भागवणार नाही. दहा फळांना तोंड लावणार, अकरावं खाणार.

माझा थोरला भाऊ पास्कू कोल्हे मारायचा. घरात लायसन्सची ठासणीची बंदूक होती. पण कोल्हा बंदुकीने मरत नाही, तो आधी जवळ यावा लागतो, आणि पास्कूला त्याला बोलावता यायचं. उजव्या हाताची दोन बोटं ओठांवर आडवी धरायची आणि हवा आत ओढायची. त्यातून जखमी सशाचा आवाज निघतो. बारीक, कापरा, वर चढून मधेच तुटणारा. कोल्ह्याला वाटतं, आयती शिकार पडली आहे. तरी तो सरळ येत नाही हं. लांबून वळसा घालतो, वाऱ्याच्या खालच्या अंगाने येऊन आधी वास घेतो. म्हणून दुसरा माणूस लागतो, मागची बाजू बघायला. माझी नजर तेज, म्हणून पास्कू मला न्यायचा. मी वीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. आय कुरकुरायची, पण फळं वाचायची म्हणून गप्प बसायची.

एक सांगायचं राहिलं. तो आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, तो ससा म्हणणार नाही. तो म्हणेल, तान्हं मूल रडतंय.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात पास्कूचं पहिलं मूल गेलं. मुलगा, पाच आठवड्यांचा. संध्याकाळी अंग तापलं. वहिनी – रेजिना तिचं नाव – म्हणाली, आत्ताच मार्व्याला नेऊ या. पास्कू धक्क्यावर जाऊन पाणी बघून आला. खाडीला उधाण होतं, वारा सुटला होता. तो म्हणाला, “आत्ता होडी घातली तर होडीवाल्यासकट चौघंही जाऊ. सकाळी नेऊ.” तो चुकला असं मी आजही म्हणणार नाही. पण सकाळ व्हायच्या आधी मूल गेलं. त्यानंतर वहिनीने नवऱ्याशी बोलणं सोडलं. जेवण वाढायची, कपडे धुवायची, रविवारी चर्चमध्ये मिसाला त्याच्या शेजारी बसायची – पण त्याला उद्देशून एक शब्द नाही. सहा महिने. आणि पास्कूनेही त्या दिवसापासून बोटं ओठांना लावली नव्हती.

फेब्रुवारीत कलिंगडं भरली आणि कोल्ह्यांनी धुमाकूळ घातला. रोज सकाळी वीस-पंचवीस फळं फुटलेली. वडील पास्कूला म्हणाले, “बंदूक काय शोभेला ठेवलीय? बस जाऊन.” दुपारी मी विहिरीवर होते तेव्हा वहिनी माझ्याजवळ आली.

“फिलू, तू जाणार ना त्याच्याबरोबर?”

“जाईन.”

“त्याला सांग, तो आवाज नको. बाकी काय करायचं ते करा.”

मी पास्कूला सांगितलं. त्याने बंदुकीची नळी पुसून खाली ठेवली. मग म्हणाला, “तिला सांग, मी तो काढणारच नव्हतो. नुसता बसेन. आला कोल्हा तर आला.”

सूर्य टेकायच्या सुमाराला आम्ही बांधाच्या आत झावळ्यांच्या आडोशाला बसलो. तो आणि मी, खांद्याला खांदा. वारा समुद्राकडून होता, म्हणजे गावावरून आमच्याकडे, आमच्यावरून खाडीकडे. हे लक्षात ठेवा. सूर्य गेला, पण उजेड चांगला होता. शेतातलं फळन् फळ दिसत होतं.

आणि तो आवाज सुरू झाला.

मला इतका राग आला की मी पास्कूच्या दंडाला चिमटा काढला. “तू कबूल केलं होतंस,” म्हटलं. त्याने माझ्याकडे मान वळवली. तोंड मिटलेलं होतं. दोन्ही हात बंदुकीवर होते. आवाज चालूच होता.

“मी नाय,” तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

आवाज समोरून येत होता. तीसेक पावलांवर, वेलांच्या मधोमध थोडी मोकळी जागा होती, तिथून. तिथे काहीच नव्हतं. माती दिसत होती, वाळकी पानं दिसत होती. खरा ससा असता तर मला दिसला असता, एवढा उजेड होता.

तेवढ्यात तिवरांतून कोल्ही आली. नुकतीच व्यालेली असावी, पोटाखाली आचळं लोंबत होती. तिने वळसा घेतला नाही, वास घेतला नाही. बांध उतरून उघड्या शेतातून सरळ चालत आली, घरी परतल्यासारखी. पास्कूने बंदूक उचलली खरी... आणि तशीच खाली घेतली. कारण समोरच्या बाजूने, गावाकडून, वहिनी येत होती. पायांत काही नाही, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत राखेने भरलेले. भांडी घासता घासता उठलेली. बंदुकीची नळी सरळ तिच्यावर होती, हे पास्कूच्या ध्यानात आलं. मी बंदूक त्याच्या हातातून काढून घेऊन जमिनीवर ठेवली.

त्या मोकळ्या जागेच्या अलीकडे कोल्ही थांबली, पलीकडे वहिनी. दोघींमध्ये पाच-सहा हातांचं अंतर असेल. दोघीही एकमेकींकडे बघत नव्हत्या. दोघी खाली बघत होत्या, एकाच जागी. वहिनी खाली बसली. म्हणाली, “आले रे बाळा. आले.” कोल्ही पुढच्या पायांवर डोकं ठेवून आडवी झाली, कुत्री होते तशी.

आवाज हळूहळू कमी झाला. एकदम नाही थांबला. मूल रडून रडून दमलं की कसे मधे मधे हुंदके येतात, मग एक लांब श्वास, मग पुन्हा एक हुंदका... तसा. मग शांत.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. कोल्ही उठली, अंग झटकलं आणि आली तशीच चालत तिवरांत गेली. वहिनीने मान वर केली. आम्ही कुठे बसलोय ते तिला माहीत असल्यासारखं सरळ आमच्याकडे बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती नवऱ्याशी बोलली.

“झोपला,” म्हणाली.

पास्कू उठून तिच्याकडे गेला. तिच्या शेजारी मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. तिने राखेचा हात त्याच्या पाठीवर ठेवला. मी जवळ गेले तेव्हा दिसलं, तिचं पोलकं पुढून पूर्ण भिजलेलं होतं. अंगावरचं दूध आटून सहा महिने झाले होते.

पुढे नर्स झाल्यावर मला कळलं की आटलेलं दूध मुलाच्या रडण्याने पुन्हा येऊ शकतं. मी वॉर्डात ते पाहिलं आहे, त्यात नवल नाही. पण वाऱ्याची दिशा उलटी होती. शेतातला आवाज घरापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. आय तिच्या शेजारीच बसून मासे साफ करत होती, तिने काही ऐकलं नाही. ती म्हणाली, “रेजिना मधेच थांबली, छातीकडे बघितलं आणि उठून चालू लागली. मी हाका मारल्या, तिने मागे बघितलं नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पास्कू आणि मी ती जागा बघून आलो. माती ओलसर होती. कोल्हीची पावलं स्पष्ट, वहिनीची पावलं स्पष्ट, ती बसली तिथला खळगा. दोघींच्या मधली माती सपाट. सशाचं पाऊल नाही, केस नाही, पक्ष्याचं पीस नाही. कुणी मस्करी केली म्हणावं, तर ती साद येणारा दुसरा माणूस गावात नव्हता. पास्कू एवढंच म्हणाला, “ससा हुंदके देत नाय, फिलू.”

त्यानंतर त्याने ती साद कधी काढली नाही. पुढे दोन मुली झाल्या, नातवंडं झाली. ती मागे लागायची, काढून दाखव म्हणून. तो म्हणायचा, विसरलो. कोल्हे फळं खातच राहिले. आम्ही काट्यांचं कुंपण घातलं, ते त्याखालून येत. वडीलही पुन्हा बंदुकीचं नाव काढायचे नाहीत. घरात त्या संध्याकाळबद्दल कुणी बोललं नाही, आणि पास्कू गेला तेव्हाही आम्ही बोललो नाही.

तो गेल्यावर वर्षभराने मी वहिनीला भेटायला मनोरीला गेले होते. दोघी म्हाताऱ्या, ओटीवर बसलेल्या. धीर करून विचारलं, “वहिनी, त्या दिवशी ते रडणं तुला घरात कसं ऐकू आलं गं?”

तिने माझ्याकडे बघितलं. तिला खरंच प्रश्न कळला नव्हता.

“कसलं रडणं?”

“बाळाचं. आम्ही दोघांनी ऐकलं... किती वेळ रडत होता.”

“रडत कुठे होता, फिलू?” ती म्हणाली. “मी गेले तेव्हा तो गप्प पडून माझ्याकडे बघत होता.”

मग ती चहा ठेवायला आत गेली. याच्यापुढे मला विचारता आलं नाही. आता विचारायला तीही उरलेली नाही.