पांढऱ्या बैलाची हनुवटी

आमच्या जिजाजींनी आयुष्यभर सरकारी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर शेतीचं सगळं ज्ञान मोबाइलवरून मिळवलं. सौंसरहून बोरगावकडे जाताना त्यांची संत्र्याची बाग लागते. बागेत शेततळं, तळ्याच्या एका कोपऱ्याला पाझर, आणि पाझराखाली बारा महिने गुडघाभर गवत. अख्खं गाव ट्रॅक्टरवर गेलं, तरी जिजाजींनी बैलजोडी ठेवली होती. एक तांबडा, एक पांढरा. शेतीला कमी, पोळ्याच्या रांगेत मिरवायला जास्त.

पांढऱ्यावर त्यांचा जीव. तांबड्याला कडबा घातला जाई. पांढऱ्यासाठी मात्र जिजाजी गमबूट चढवून जातीने चिखलात उतरत आणि पाण्याला टेकलेलं कोवळं गवत कापून आणत. काड्यांना बारक्या गोगलगायी चिकटलेल्या असत. त्या पाहून तर ते फारच खूश होत. पाण्यात गोगलगाय दिसली म्हणजे जमीन जिवंत आहे, असं कुठल्याशा व्हिडिओतल्या गृहस्थाने त्यांना सांगितलं होतं. एकदा त्यांनी मला ओंजळभर गोगलगायी दाखवल्या. चेहऱ्यावर भाव असा, की जणू नातवंडंच दाखवताहेत.

भर पावसाळ्यात पांढऱ्याच्या जबड्याखाली फुगवटा आला. मऊ, लोंबता, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखा. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. जिजाजींनी अर्थ लावला की खुराक अंगी लागला आणि बैलाची हनुवटी भरली. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते ती हनुवटी हातावर तोलायला लावत.

"पाह्य, कसा राजा दिसून राहिला."

राजाच्या फासळ्या मोजता येत होत्या. शेण पातळ होत होतं, आणि बसला की उठायला त्याला फार वेळ लागत होता. पण सांगणार कोण? मी पडलो साळा. आमच्या घरात जावयाने आमटीत मीठ कमी आहे म्हटलं की सगळ्यांना ती अळणी लागते, मग बैल काय चीज आहे. गावकऱ्यांचं कारण वेगळं होतं. त्यांना मजा येत होती. शेजारच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधापलीकडचे, काका रोज संध्याकाळी येत, असा गळा जिल्ह्यात नाही म्हणत, आणि चहा पिऊन जात. या कौतुकाच्या भरात जिजाजींनी पोळ्यासाठी हनुवटीच्या मापाचा घुंगरांचा पट्टा शिवायला टाकला.

अखेर ताईने, म्हणजे माझ्या बहिणीने, कोणाला न विचारता गुरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. मॅडम तरुण होत्या, स्कूटीवर आल्या. त्यांनी फुगवट्यात अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला. राजाच्या हनुवटीला खड्डा पडलेला पाहून जिजाजींचा चेहरा असा झाला, की मला तोंड फिरवून संत्र्याच्या झाडाकडे पाहावं लागलं. मॅडमनी पापणी उलटून पाहिली, ती पांढरीफटक. शेण डबीत घालून नेलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, बैलाच्या काळजात, म्हणजे यकृतात, चपटे जंत झालेत.

जिजाजींना पटेना. माझ्या बैलाने कधी घाण खाल्लेली नाही, म्हणाले. तेव्हा मॅडमनी जे समजावलं, ते मी सरकारी माणसाला उमजेल अशा भाषेत सांगतो. जंताचं अंडं शेणातून पाण्यात येतं. त्यातून निघालेल्या अळीची पहिली नेमणूक गोगलगायीच्या पोटात होते. तिथे ती काम काही करत नाही, फक्त स्टाफ वाढवते. आत गेलेली असते एक, बाहेर पडतो शेपटीवाल्यांचा घोळका. तो पोहत गवताच्या काडीला लागतो, शेपट्या टाकतो, अंगाभोवती कवच करून घेतो आणि बदलीच्या ऑर्डरची वाट पाहत बसतो. ऑर्डर म्हणजे बैलाची जीभ. पुढची नेमणूक काळजात, राहणं-जेवण फुकट. आणि या सगळ्यांना तळ्यापासून गव्हाणीपर्यंत रोज पोचवायला एक निवृत्त अधिकारी विळा घेऊन हजर.

पोळा आठवड्यावर आला होता. मॅडम म्हणाल्या, औषध आजच पाजू, हळूहळू सूज उतरेल.

"उतरेल?" जिजाजींनी विचारलं.

"उतरायलाच पाहिजे."

जिजाजींनी फुगवटा एकदा हातावर तोलला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पोळा झाल्यावर पाजलं तर?"

मॅडमनी बॅगेची चेन लावली. "तोवर हा उभा राहील याची ग्यारंटी मी नाही घेत."

ताई दारात उभी होती. "तुमाले बैल पायजे का हनुवटी, ते एकदाचं सांगून टाका," ती म्हणाली. "मले सैपाक आहे."

जिजाजींनी पांढऱ्याकडे पाहिलं. मग बाह्या सरसावल्या, वेसण धरून त्याचं तोंड वर केलं आणि म्हणाले, पाजा. निम्मं औषध त्यांच्या सदऱ्यावर सांडलं, तेव्हा मॅडमनी पुन्हा मोजून पाजलं.

सूज उतरत गेली, पण पांढऱ्याच्या अंगात त्राण नव्हतं. पोळ्यात तासन्‌तास उभा करू नका, अशी मॅडमची ताकीद होती. म्हणून तोरणाखाली जिजाजी एकट्या तांबड्याला घेऊन उभे राहिले. पोळ्यात एक बैल घेऊन येणं म्हणजे लग्नात नवरीशिवाय वरात आणणं. आमच्याकडे तोरणाखाली झडत्या म्हणतात, म्हणजे जमवलेल्या ओळी मोठ्याने ओरडून एकमेकांची उतरवायची. धुऱ्यावरच्या काकांनी, ज्यांनी सबंध पावसाळा आमचा चहा प्यायला होता, छाती फुगवली:

"तळ्याकाठी हिरवा चारा, साहेबाचा लई तोरा,
हनुवटी गेली उतरून, अर्धी जोडी आली घरून,
हर बोला, हर हर महादेव!"

गाव हसून लोटपोट झालं. झडतीला झडतीनेच उत्तर द्यायचं असतं, पण जिजाजींना यमक कधी जमलं नाही. ते ऑफिसात बोलत तसं बोलले. "हनुवटी नव्हती ते. बीमारी होती. पाण्यातलं गवत मीच चारलं त्याले."

काकांचा हात हळूच स्वतःच्या बैलाच्या जबड्याखाली गेला.

तोरण तुटलं, जोड्या उधळल्या. जिजाजी तांबड्याला घेऊन सरळ घरी आले. गोठ्यात ताई पूजेचं ताट घेऊन थांबली होती आणि पांढरा बसलेला होता. जिजाजींची चाहूल लागताच त्याने पुढचे पाय रोवले, मागचं अंग उचललं, डगमगला आणि कोणी हात न लावता उभा राहिला. जिजाजींनी पुरणपोळीचा तुकडा पुढे केला. तो त्याने हातासकट चाटून घेतला. जबड्याखाली नुसती कातडी लोंबत होती, रिकामी, सुरकुतलेली. जिजाजी ती बोटांत धरून बराच वेळ कुरवाळत राहिले.

"पाह्य ना," ताईला म्हणाले, "किती भद्दा दिसून राहिला." आणि दुसरा तुकडा मोडला.