पूर्वेला उशी

हे मी गेल्या रविवारपर्यंत कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळही नाही — आणि माझं काहीच तिच्यापासून लपत नाही, असा तिचा समज आहे.

मी जुनी दफनं उकरून अभ्यासणारा माणूस. धुळ्याजवळच्या एका जुन्या चर्चची भिंत खचली, पाया खोदताना कबरी निघाल्या, म्हणून आम्हाला बोलावलं. एका सांगाड्याच्या पायांत चांदीची जोडवी होती. तिथे प्रार्थनेला येणाऱ्या म्हाताऱ्या अक्का ती पाहून मटकन खालीच बसल्या. त्यांची आजी ख्रिस्ती झाली, पण जोडवी काही काढली नाहीत — घरात सांगत आलेली गोष्ट.

अभ्यास झाल्यावर आजीला आवारातच पुन्हा पुरायचं ठरलं. अक्कांचं मागणं एकच. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. "ती उठी तवय तिनं तोंड उगवतीले पाहिजे, भाऊ." मी शब्द दिला. अहो, हे तर मी वर्गात शिकवतो!

आणि तरी — कसं सांगू? आमच्या असोद्याच्या घरी अंथरूण घालताना उशी पूर्वेला. आईनं जन्मभर तशीच घातली, मीही तशीच घालतो. त्या संध्याकाळी खड्ड्यात उतरून मी एकेक हाड मांडलं, आणि घरच्या माणसाला निजवावं तसं आजीचं डोकं पूर्वेला ठेवलं. माती पडली, डोकं तिथेच असणार म्हणून मजुरांनी पश्चिमेच्या टोकाला नावाचा दगडही बसवला. मग मान वर केली तर मावळतीचं ऊन थेट डोळ्यांवर. म्हणजे आजीचे पाय मावळतीला; उठली तर तोंडही तिकडेच.

"नीट ठेवं ना?" अक्कांनी विचारलं.

मी म्हणालो, हो.

माती अजून भुसभुशीत होती. पुन्हा उकरायला कितीसा वेळ लागला असता? पण विद्यार्थी उभे, मजूर उभे — आणि सर म्हणवून घेणारा मी दिशा चुकलो, हे त्यांच्यासमोर कबूल करायचं? लाज वाटली. बस, एवढंच. काही मोठं कारण असतं तर निदान सांगायला बरं पडलं असतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं अक्का दर रविवारी त्या दगडापाशी बसत आल्या. आजीच्या कपाळावरून फिरवावा तसा मातीवरून हात फिरवायच्या. तिथे कपाळ नाही, हे फक्त मला ठाऊक. मी गेलो की डब्यातून शेंगदाण्याचा लाडू काढून द्यायच्या. तो मी खायचो. दर वेळी खायचो.

गेल्या रविवारी त्यांनी स्वतःच्या कबरीसाठी शेजारची जागा दाखवली. "मी आठे. तिना डोकाले डोकं लाईसन." मग मात्र राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं — तो 'हो'सुद्धा.

अक्कांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मग काठी टेकत दुसऱ्या टोकाला गेल्या, खाली बसल्या आणि तिथल्या मातीवर हात ठेवला.

फादरनी परवानगी दिली आहे. येत्या शनिवारी सकाळी, तेव्हाच्या विद्यार्थ्यांना बोलावून, मी कबर उघडणार आहे. आजीचं तोंड उगवतीकडे होणार याचा मला मनापासून आनंद आहे, आणि तो मी लपवत नाही. हे ठरल्यावर, निघताना अक्का कबरीच्या कडेला काठी टेकून एवढंच म्हणाल्या —

"आते मी जोडे उभी ऱ्हासू."