गयाबाईंचं पथ्य

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मास्तरांना सांगितलं नाही, पोरींना सांगितलं नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःलासुद्धा पुरतं सांगत नाही — अर्ध्यावर आलं की मन दुसरीकडं वळवते. तुमची-माझी ओळख नाही. म्हणून कदाचित जमेल.

पण आधी बागेचं सांगू द्या. मला माझ्या बागेचा अभिमान होता, अजून आहे, आणि तो झाकून ठेवला तर पुढचं तुम्हाला नीट कळायचं नाही.

आमचं गाव चुडावा स्टेशनापासून चालत जाण्याइतकं. मास्तर म्हणजे आमचे मालक. गावच्या शाळेत शिकवायचे, सगळे मास्तर म्हणायचे, म्हणून मीही. घरामागं न्हाणीचं पाणी जायचं, त्या ओलीवर ब्राह्मी पसरली होती. कडेनं गवती चहा, तुळशी, पुदिना. कुंपणाला लाल जास्वंद. उन्हाळ्यात आमच्याकडं रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माझ्या बागेत कधी भेग पडली नाही. घागरी वाहून वाहून मी ती जपली होती.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आमची वस्ती जळाली. आमचं घर उरलं, भिंती काळ्या झाल्या. मास्तर बायालेकरांना घेऊन दिवसभर ज्वारीत दडून बसले होते. मग शाळा उघडली, आणि ज्यांनी काड्या लावल्या त्यांचीच पोरं समोर बसवून मास्तर त्यांना पाढे शिकवू लागले. आवाज चढवला नाही कधी. पण घरी आले की छाती दाबून बसायचे. झोप उडाली. पूर्णेच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब लय वाढलाय, हृदयावर ताण आहे, रोज गोळी घ्यावी लागेल, आणि सोडायची नाही.

मास्तरांनी गोळ्या फळीवर ठेवल्या आणि हातसुद्धा लावला नाही.

"गोळी गिळली म्हणजे वस्ती जाळणाऱ्यांनी मला दुखणाईत करून सोडलं, असं होतंय," म्हणाले. "मी दुखणाईत न्हाई."

काय बोलणार अशा माणसाशी? मी काढा करायला लागले. ब्राह्मी, तुळस, गवती चहा, जास्वंदीच्या दोन पाकळ्या, गुळाचा खडा. काढा मात्र मास्तर प्यायचे. आपल्या मातीतलं आहे, म्हणायचे. वासानं त्यांच्या कपाळावरची शीर सैल व्हायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. झोपही जरा लागू लागली. पण डॉक्टरांनी मोजलं तेव्हा रक्तदाब होता तिथंच होता.

मग मी गोळी पाट्यावर वाटून काढ्यात घालायला लागले.

हीच ती गोष्ट, असं तुम्हाला वाटलं असेल ना? नाही. याची मला लाज नाही. डॉक्टरांना मी एकटीनं गाठून सांगितलं होतं. ते मास्तरांपुढं गप्प राहिले. बाजाराचं निमित्त काढून मी पूर्णेहून गोळ्या आणत राहिले. मास्तर सत्याग्रहात जेलमध्ये गेले तेव्हासुद्धा वाळवलेल्या पाल्यात गोळीची पूड मिसळून पुड्या बांधून पाठवल्या. तो माणूस जगला. सभांमध्ये बोलला, पोरींची लग्नं केली, नातवंडं खेळवली. ते मी केलं. माझ्या हातांनी केलं. कुणी विचारलं तर मी ताठ मानेनं सांगीन.

पण कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. गावात झालं असं, की मास्तरांना बागेनं बरं केलं. मास्तरच सांगत सुटले. आधी वस्तीतल्या बाया आल्या. मग एक दिवस गयाबाई आल्या.

गयाबाई गावातल्या मोठ्या जमीनदाराघरच्या. वयानं माझ्याहून मोठ्या, विधवा, चालताना धाप लागायची. त्यांचे पोरगे जाळपोळीच्या दिवशी कुठं होते, ते गावाला माहीत होतं. त्या घरचं कुणी आमच्या ओट्यावर कधी टेकलं नव्हतं. पाणी तर लांबच. आणि त्या आल्या, दुपारच्या, सगळ्यांच्या देखत. ओट्यावर बसल्या.

"मास्तरीणबाई, छातीत लय धडधड व्हायलीय. जीव घाबरा होतोय. मलाबी द्या तुमचा काढा."

मी कपात ओतून दिला. आमच्या कपात. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, फुंकर घातली आणि प्यायल्या. समोर वस्तीतल्या बाया दारादारांतून बघत उभ्या होत्या. मला काय वाटलं ते कसं सांगू? जळालेल्या भिंतीला टेकून मी उभी होते आणि माझा ऊर भरून आला होता. सभा घेऊन, अर्ज करून जे झालं नाही, ते माझ्या ब्राह्मीनं केलं होतं — मला तर तसंच वाटलं.

त्या येत राहिल्या. बरोबर सुनेला आणायच्या, कधी जावेला. आम्ही बोलत बसायचो, पाऊसपाण्याचं, पोरींचं. त्यांना बरं वाटत होतं, हे खोटं नव्हतं. बसून, चार शब्द बोलून, गरम काढा पिऊन कुणाचाही जीव जरा थंडावतो.

मग एकदा कप खाली ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "डाक्टरच्या गोळ्या म्या सोडल्या बरं का. मास्तरला गोळ्या लागल्या न्हाईत, मला कशाला पायजेत?"

मला तेव्हाच बोलायचं होतं. एकच वाक्य. मास्तरांच्या काढ्यात गोळी असते, गयाबाई, तुमी तुमची सोडू नका. शब्द जिभेवर होते. पण मला काय दिसलं माहीत आहे? उद्यापासून ओटा रिकामा. गावात हसणं. डाक्टरच्या गोळीवरच जगलेत की मास्तर, उगी बागेचं कौतुक. आणि मास्तरांच्या कानावर गेलं तर? ही सगळी कारणं खरी होती. तरी त्यांतलं पहिलंच मोठं होतं. मला तो ओटा भरलेला हवा होता.

मी म्हणाले, "बरं वाटतंय ना? मग झालं."

पुढच्या उन्हाळ्यात गयाबाई मोरीत पडल्या. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

इथंसुद्धा मला थांबता आलं असतं. गप्प राहिले, एवढंच सांगून उठता आलं असतं. पण त्यांची सून आली. डोळे रडून सुजलेले. भांडायला नव्हती आली बिचारी, समजून घ्यायला आली होती.

"काकू, तुमचा काढा तर रोज घेत होत्या. मग असं कसं झालं? काय कमी पडलं?"

आणि मी म्हणाले — सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले — "पथ्य पाळलं नसंल त्यांनी. लोणचं खात होत्या का?"

सून म्हणाली, "हो. चोरून खायच्या."

घरात तेच पसरलं. गयाबाईंनी जिभेपायी स्वतःचा नास करून घेतला. पोरगे खाटेशी उभे राहून त्यांना बोलायचे, लहान लेकराला बोलावं तसं. मी भेटायला जायचे तेव्हा माझ्यासमोर बोलायचे. त्यांना सगळं ऐकू यायचं, सगळं समजायचं, उत्तर देता यायचं नाही. डोळ्यांच्या कडेनं पाणी गळायचं. मी पदरानं पुसायचे. पुसायचे, आणि लोक म्हणायचे, जळलेलं विसरून बघा कशी माया करतीय मास्तरीणबाई.

मनात कुठं सूड होता का? मी पुष्कळ शोधलं. नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मला ती बाई आवडायची.

गयाबाई बरीच वर्षं तशाच पडून होत्या. विद्यापीठाला नवं नाव शेवटी जोडलं गेलं, तेव्हाही होत्या. त्या दिवशी वस्तीत निळे झेंडे लागले. मास्तर बोलायला उभे राहिले. आवाज खणखणीत. एवढी वर्षं लढायला जे बळ लागलं ते मला माझ्या घरच्या बागेनं दिलं, म्हणाले, आणि गावाला जे शहाणपण मला शिकवता आलं नाही ते या बाईनं एका कपानं शिकवलं. माझ्याकडं हात केला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत गयाबाईंची सूनही होती, मुद्दाम आली होती, पाया पडली माझ्या.

मी तिला उठवलं, जवळ घेतलं, आणि हसले. मास्तर पुढं सुखानं गेले, काही न कळता. गयाबाई नाव जोडलं त्याच वर्षी गेल्या, पथ्य मोडलेली बाई म्हणून. त्यांच्या घरात आजही सुना पोरींना लोणच्यावरून त्यांचंच नाव घेऊन दटावतात. मी ऐकलंय. ऐकून गप्प बसलेय.