ज्वारीची भाकरी आणि आमच्या ह्यांची साखर

भोपाळात राहून शरबती गव्हाची पोळी सोडायची, ही काय चेष्टा आहे? पण डॉक्टरीणबाईंनी आमच्या ह्यांना सरळ सांगितलं, "काकाजी, शुगर नीचे नहीं आई तो इन्सुलिन." हे जन्मभर कारखान्यात अवजड यंत्रांशी झुंजले, पण सुई म्हटली की पांढरेफटक. सोनागिरीला घरी येईपर्यंत ह्यांनी स्कूटर दोनदा बंद पाडली. मलाही धास्तीच वाटली, खोटं कशाला बोलू.

मी बिट्टन मार्केटमधून ज्वारी आणली. सगळे सांगतात, ज्वारीत कोंडा जास्त, साखर हळू चढते. असेल बाई. पण मी पुण्याची, पोळ्यांच्या घरातली. माझी भाकरी परातीतच मोडायची. तव्यापर्यंत पोचलीच, तर कडा इथल्या मोठ्या तलावाच्या काठासारख्या वेड्यावाकड्या.

एके दिवशी हे वैतागून उठले. "सरक. उकळत्या पाण्यात मळायचं असतं. ज्वारीला चिकटपणा कुठे असतो?" नागपूरला आईच्या चुलीपाशी बसून पाहिलं होतं म्हणे. भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, शेवटी आचेवर धरली. टम्म फुगली!

"इतकी वर्षं कुठे होती ही कला?"

"तू कधी विचारलंस?"

अगं बाई! म्हणजे चूक पुन्हा माझीच!

तेव्हापासून रात्रीची भाकरी ह्यांची. थापून खांदे भरून येतात, म्हणून दोनच करतात. एक स्वतःला, एक मला. पोळ्या मी लाटायचे तेव्हा मात्र हे चार-पाच सहज उडवायचे, वर तूप.

परवा दवाखान्यात साखर उतरलेली निघाली. हे ज्वारीचे गोडवे गायला लागले, तशा डॉक्टरीणबाई हसल्या. "ज्वार में भी स्टार्च है, काकाजी. आप खा ही एक रहे हैं." सुई टळली.

"तो रोटी चलेगी?" ह्यांनी लगेच विचारलं.

"एकाध चलेगी."

"अजिबात नाही," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर हे भडकले. "डॉक्टर हो म्हणते, आणि तुझं काय मधेच?"

मग सांगूनच टाकलं. लग्न झाल्यापासून सगळ्यांना वाढून झाल्यावर मी गार पोळी खात आले. ह्या घरात तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात पहिल्यांदा तुम्ही वाढलीत. ती मला सोडायची नाहीये.

वाटेत ह्यांनी चक्कीपाशी स्कूटर थांबवली आणि म्हणाले, "ज्वारीचं पीठ संपत आलंय ना?"