श्वासासकट

चार तंतुवाद्यांच्या त्या मेळात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठं वाद्य, वाजवणाऱ्या बाईंना बाकीचे तिघे ताई म्हणत. ताईंचा दमा जुना. पाश्चात्त्य संगीतातल्या रोमँटिक काळातल्या रचनेचा संथ भाग रंगात आला, की त्यांचा श्वास खरखरू लागे. रेकॉर्डिंगच्या दिवशी काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला, "ताई, वाजवलंत सुरेख, पण श्वास फार ऐकू येतोय. तुमचा भाग दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेऊ का? नाव तुमचंच राहील."

ताईंचं डोकंच फिरलं. "नाव माझं आणि हात दुसऱ्याचा? मुळीच नाही!"

"लोक नावं ठेवतील हो."

"खुशाल ठेवू देत. श्वास घेते म्हणून तर वाजवते. नको असेल तर ही मी निघाले."

त्यांनी व्हायोला पेटीत ठेवलाही. त्यांचा धाकटा भाऊ पहिलं व्हायोलिन वाजवायचा. जन्मात कुणाला उलटून न बोललेला तो माणूस उठला आणि गज सैल करून पेटीत ठेवू लागला. पाठोपाठ उरलेले दोघेही उठले.

"बसा हो," ध्वनिमुद्रक वरमून म्हणाला. "आहे तसंच ठेवू."

रेकॉर्ड निघाली. एका समीक्षकानं त्या खरखरीवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. ताईंनी लेख वाचला, बाजूला सारला आणि नव्या रचनेचे कागद भावापुढे टाकले.

"पुढची ही घेऊ," त्या म्हणाल्या. "ही आणखी संथ आहे."